तेवढा एक झरोका

नाही हो वहिनी, तेवढा नाही. बाकी तुम्ही सांगाल ते करतो — ह्या समोरच्या दोन खिडक्या, जिन्यावरचं ते वाकडं तावदान, आजोबांच्या उशाशी आहे ती खिडकी — ती तर अशी बंद करतो की बाहेर वादळ झालं तरी आजोबांच्या पांघरुणाचं टोक हलणार नाही. पण शेगडीच्या वरचा तो झरोका नाही. नाही म्हणजे नाही. हो, वारा येतो, कळलं मला. येऊ दे. वारा यावा म्हणूनच ठेवलाय तो, शोभेला नाही. तुम्ही बसा ना, उभ्या का? मी काम करता करता बोलतो, त्यानं हात थांबत नाहीत माझे. उलट तोंड बंद झालं की हात चुकतात — आमचे मिस्त्री म्हणायचे, ह्याला गप्प बसवू नका रे, हा चौकटीऐवजी स्वतःचा अंगठा ठोकून घेईल.

ती मेणबत्ती द्या जरा इकडे. ही अशी चौकटीच्या कडेकडेनं फिरवायची. हळू. श्वास धरून. इथं नाही — इथं नाही — इथंही — हां, वाकली बघा ज्योत. म्हणजे इथून शिरतोय. डोळ्यांना फट दिसत नाही, पण ज्योतीला दिसते. इथली जुनी लांबी खरवडून काढायची आणि ताजी भरायची. लांबी म्हणजे हा गोळा हो, खडूची पूड आणि जवसाचं तेल, कणकेसारखा मळलेला. आता लोक नळीतलं तयार आणतात, पिचकारी मारली की झालं काम. होतं काम, नाही कोण म्हणतंय, पण दोन हिवाळ्यांत तडकतं ते, आणि मग येतात माझ्याकडेच. मी काही बोलत नाही. बोलतो थोडं.

पानगळ लागली बघा. तुम्हाला नाही वाटत? कॅलेंडर काय म्हणतं ते कॅलेंडरलाच माहीत, माझं गणित वेगळं आहे. आपल्याकडे पाऊस काय, बारा महिने तेरा काळ, भर उन्हाळ्यात छत्री घेऊन हिंडतो आपण — पण उन्हाळ्यातला पाऊस सरळ पडतो. छपरावर वाजतो. आणि एक दिवस सकाळी जाग येते आणि छप्पर गप्प, आणि तावदानं वाजतायत — आडवा यायला लागला की समजायचं, आली. ह्या वर्षी मंगळवारी आली. मी अंथरुणातच म्हटलं, आली. उठलो, किनाऱ्यावर एक चक्कर मारली. पाहुणे सगळे गेलेले, बाकांवर चिटपाखरू नाही, आइस्क्रीमवाला दुकानाला फळ्या ठोकत होता, म्हणाला, सुटलो बाबा एकदाचा. रस्त्याला ती ओली पानं चिकटलेली, पिवळी, झाडूनं निघत नाहीत, नखानं खरवडावी लागतात. दुपारी चारलाच घराघरांत दिवे. आणि वास — ओल्या लाकडाचा, कोळशाच्या धुराचा, समुद्राचा. मला आवडते पानगळ. खरंच आवडते, कुणालाही विचारा. मजा येते. मी उभा राहतो आणि एकेक बघतो — हे आवडतं आपल्याला, तेही आवडतं आपल्याला, असं. यादीच आहे माझ्याकडे. म्हणजे कागदावर नाही, डोक्यात.

काय म्हणालात? दुसऱ्या कुणाला बोलवाल? बोलवा की. गावात आणखी चौघं आहेत ह्या धंद्यात, त्यातला एकजण तर पाच मिनिटांत बुजवून देईल झरोका आणि वर तुमचा चहा पिऊन जाईल. मी राग नाही मानणार. पण तो आला तर त्याला एवढं विचारा — शेगडी रात्रंदिवस पेटती, खोली चहूबाजूंनी बंद, मग ती शेगडी श्वास कुठून घेणार? घेणारच ती. तिला काय, ती आतलीच हवा खाणार. आणि धुराडं आहे म्हणाल — आहे ना, पण आत हवाच येईनाशी झाली की धुराडं उलटं ओढायला लागतं, जे वर जायचं ते खाली उतरतं. धूर नव्हे, धूर दिसतो तरी, माणूस खोकतो, दार उघडतो. ही कोळशाची विषारी हवा, ही दिसत नाही. वास नाही, रंग नाही. झोप येते नुसती. आजोबा म्हणतात ना, मानेवर वारा येतो? येतोय तोवर बरं आहे म्हणावं. त्यांना माझ्याकडून एक मफलर.

नाही पटत. बरं. तुम्हाला एका घरातलं सांगतो. नाव नाही सांगत, गाव लहान आहे. तीन-चार वर्षं झाली असतील — तीन. ह्या आठवड्यात तीन झाली. एक बाई होत्या. साठीच्या आतल्या. शाळेच्या पोरांचे कोट शिवायच्या. सोबत धाकटा भाऊ, दोघंच. आईबाप लवकर गेले, भावाला तिनंच वाढवलं, त्याच्यापायी लग्न केलं नाही, आणि मग त्यानंही केलं नाही — तिच्यापायी म्हणा, आळसापायी म्हणा. बाईंना थंडी फार. तुमच्या आजोबांसारखीच. उन्हाळ्यातसुद्धा पायांत मोजे. अंगावर शाल, शालीवर शाल, नुसता गाठोड्यातून चेहरा बाहेर. आणि भाऊ नेमका ह्याच धंद्यातला. हो, लांबीचाच. आणि त्याचं स्वतःचं घर म्हणजे चाळण! दिव्याखाली अंधार. पानगळ लागली की गावभर बोलावणी, आज ह्यांच्याकडे, उद्या त्यांच्याकडे, आणि घरच्या खिडक्या राहायच्या त्या राहायच्याच, पार निम्मा हिवाळा सरेपर्यंत. बाई म्हणायच्या, सगळ्या गावाची भोकं बुजवत हिंडतोस, जरा आपल्या घराकडे बघ की रे शहाण्या. दरवर्षी म्हणायच्या. हसूनच. पण बोटं निळी पडलेली असायची त्यांची, सुई धरवायची नाही. तर त्या वर्षी त्यानं ठरवलं, पहिलं घर आपलं, मग गाव. रविवारी लागलो — लागला कामाला. चार दिवस घेतले. असं काम त्यानं उभ्या आयुष्यात कुणाकडे केलं नव्हतं. प्रत्येक तावदान काढून परत बसवलं, झडपांना नवी पट्टी, दाराच्या उंबऱ्याला चामड्याची झालर. मेणबत्ती फिरवली तर ज्योत अशी उभी, भिंतीवर काढल्यासारखी. बाई नुसत्या बघत होत्या. एक शाल उतरवली त्यांनी. मग दुसरी. मग म्हणाल्या, आता एवढंच राहिलं बघ, हे वरचं, शिवायला बसलं की नेमकं माझ्या मानेवर येतं. मी म्हटलं, अक्का, ते नाही बुजवत, मिस्त्रींनी पहिल्या दिवशी शिकवलंय —

हं.

निघालं तोंडातून. आता निघालंच तर निघालं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. ती बाई ती, आणि तो भाऊ मी. तुम्हाला मघाशीच कळलं असणार, तुमच्या चेहऱ्यावरून वाटलंच मला. नको, पाणी नको. मला काही होत नाहीये. लोकांना वाटतं आता ह्याला हुंदका येणार, आता येणार — नाही येत. पोचवून आलो तेव्हाही नाही आला. थंडीत लांबी मळायला घेतली की पहिले दोन तास बोटं ठणकतात, आणि मग ठणकायची थांबतात. बधिर होतात. आणि गंमत म्हणजे काम झकास होतं त्या बोटांनी. तसं झालंय माझं. काम बघा ना माझं, आहे कुठं खोट?

तर मी म्हटलं, अक्का, ते नाही. तीन वेळा म्हटलं. ती काही हट्टी बाई नव्हती हो, सबंध आयुष्यात तिनं माझ्याकडे एवढं एकच मागितलं — आणि तेसुद्धा मागितलं नाही, नुसती मानेवर हात ठेवून बसली. बुधवार होता. सकाळी मला दोन घरांची कामं होती. लांबीचा डबा हातात, टोपी डोक्यावर, दारात उभा मी. आणि ती मानेवर हात ठेवून. म्हटलं, जाऊ दे. दोन दिवस तिला ऊब मिळू दे, शनिवारी काढून टाकू. शनिवारी काढणारच होतो मी. शिडी लावली, कापडाची पट्टी ठासली, वरून लांबी फिरवली, अंगठ्यानं दाबून घेतली. पाच मिनिटांचं काम. खाली उतरलो, मेणबत्ती धरली, ज्योत उभी. अक्का म्हणाली — म्हणाली, अरे, समुद्रसुद्धा ऐकू येईनासा झाला. किती खूश झाली होती! मला म्हणाली, तू खरंच कारागीर आहेस रे. लोक म्हणायचे, मला खोटं वाटायचं.

अति तिथं माती म्हणतात ना. दुपारी जेवायला घरी आलो. नेहमी येत नाही, त्या दिवशी आलो, तिला उबेत बसलेली बघायला आलो खरं तर. शिवणयंत्रावर डोकं ठेवून झोपली होती. शाल नव्हती अंगावर. गाल लाल, चांगले लाल, वर्षानुवर्षांत तिच्या गालांना असा रंग नव्हता. मी दारात उभा राहून एक क्षणभर म्हटलंसुद्धा मनात, वा.

मग माझंच डोकं गरगरायला लागलं तेव्हा कळलं.

खिडकी उघडेना. कशी उघडेल, मीच बंद केलेली. हातोड्यानं तावदान फोडलं. शिडी लावून झरोका मोकळा केला — लांबी ओलीच होती, बोटांनी ओढली, पट्टीसकट हातात आली. टाकायची कुठं म्हणून खिशात कोंबली. मुद्दाम नाही हो वहिनी! सवयीनं. काम करताना उरलेली लांबी आम्ही खाली टाकत नाही, पायाला लागते, खिशात टाकतो. बघा, आत्तासुद्धा आहे. तिला बाहेर ओढली, शेजारचे धावले, डॉक्टर आले. उपयोग नव्हता, दोन तास होऊन गेले असतील म्हणाले.

संध्याकाळी नगरपालिकेचे तपासणीस आले. बरा माणूस. वही घेऊन सगळीकडे फिरले, खिडक्या बघितल्या, म्हणाले, काम चोख आहे तुमचं. मग वर बघितलं. नियम असा आहे की झरोका मोकळा असेल तर खिडक्या कितीही बंद करा, चालतं. त्यांनी मला विचारलं, हा झरोका उघडाच होता? माझा हात खिशात होता. तो गोळा अजून मऊ होता, मी आपला मळत होतो खिशातल्या खिशात. आणि मी म्हटलं, हो.

एवढंच. हो. एक शब्द. ते त्यांनी लिहून घेतलं.

थांबा, शिडी धरा जरा, ही वरची कड पूर्ण करू द्या. लांबी अर्धवट सोडली की कड उठते.

मग झरोका उघडा होता म्हटल्यावर दोष कुठं तरी हवाच ना. आठवडाभर आधी धुराडं साफ करून गेला होता तो काजळ्या — शेगडीवाला हो, काळाकुट्ट व्हायचा म्हणून काजळ्या, खरं नाव त्याच्या बायकोलाच ठाऊक. आम्ही दोघं एकाच वर्षी धंद्यात पडलो. मी ज्या घरात खिडक्या बंद करायचो तिथं तो शेगडी बसवायचा, जोडीच होती आमची, लोक म्हणायचे, एक थंडी बाहेर ठेवतो, एक ऊब आत ठेवतो. तपासणिसांनी धुराड्याचा सांधा तपासला. आता कुठल्याही धुराड्याचा सांधा काढून बघा, काहीतरी सापडतंच. केसभर फट सापडली. त्याचा परवाना काढून घेतला. पेपरात आलं. ज्यांच्या ज्यांच्याकडे त्यानं शेगडी बसवली होती त्यांनी दुसऱ्याकडून तपासून घेतली. दुकानाला कुलूप लागलं. आता पलीकडच्या बंदरावर असतो, माशांच्या पेट्यांत बर्फ भरतो. कोळशातला माणूस बर्फात गेला — हे मी नाही म्हटलं, तोच म्हणतो, स्वतःवरच हसतो. मोठ्या पोरीचं शिक्षण सुटलं म्हणे.

मी सांगणार होतो. आधी म्हटलं, दहा-बारा दिवस जाऊ देत. मग म्हटलं, पेपरातलं थंड होऊ दे. मग म्हटलं, आता सांगून अक्का येणार आहे का परत. मग काही म्हणायचंच थांबलं. खरं सांगतो वहिनी, मला टोचतही नाही. टोचायला पाहिजे हे कळतं, बोटावर हातोडी पडलेली दिसते, पण आवाजच येतो नुसता.

पानगळीचं सांगत होतो ना तुम्हाला. अक्काची एक रीत होती. थंडीला एवढी भिणारी बाई, पण ज्या दिवशी पाऊस पहिल्यांदा आडवा यायचा त्या दिवशी घरात थांबायची नाही. समुद्रासमोर तो बसचा थांबा आहे, पत्र्याचा, तीन बाजूंनी बंद — तिथं जाऊन बसायचो आम्ही दोघं, थर्मास घेऊन. बस आली की ड्रायव्हर दार उघडायचा, अक्का हातानंच, जा जा. सगळ्या बसेस जाऊ द्यायची. लाटा बघायची आणि म्हणायची, बघ, आता कशी हक्काची थंडी आली, आता कुणी म्हणणार नाही की मी उगाच कुडकुडते. तिला फार आवडायची पानगळ. मला तिच्यामुळं. मी अजून जातो. मंगळवारीही गेलो. बसतो, बघतो. लाटा मोठ्या असतात, दिसतात मला. चहा गरम असतो. काही चुकत नाही कशात.

मागच्या वर्षी तिथं काजळ्या आला. बसमधून उतरला, मला बघितलं, थबकला. मला वाटलं, कळलं ह्याला. एवढं बरं वाटलं हो — छातीतून काहीतरी सुटल्यासारखं — म्हटलं, आता हा मारणार, आता हा ओरडणार. तर तो येऊन शेजारी बसला. अक्का बसायची त्या बाजूला. हात बर्फानं फुटलेले. मग म्हणाला, तुझ्याकडे यायला तोंड नव्हतं मला. म्हणाला, तो सांधा मी परत एकदा बघायला हवा होता. रोज डोळ्यांपुढे येतो म्हणाला, रोज, मी तो सांधा दाबला होता असं वाटतं, पण दाबला नसणार, नाहीतर अक्का आज असती. आणि वहिनी, तो माझे हात धरून म्हणाला, जमलं तर मला माफ कर.

मी थर्मासच्या झाकणात चहा ओतला. त्याला दिला. म्हटलं, झालं ते झालं.

तो रडला. लहान पोरासारखा. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. आणि म्हटलं — मी माफ केलं तुला.

मी. मी त्याला माफ केलं, वहिनी.

असं बघू नका माझ्याकडे. शिडी सोडा, उतरतो मी. राहिलेलं काम उद्या करतो, तुम्ही बोलवलंत तर. तुम्ही आत जा आता. आजोबा एकटे आहेत. जा.